स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीत एम.एस्सी.: कोकणातल्या विद्यार्थ्याने अर्ज कुठे करावेत

बीएएसएलपी, म्हणजे श्रवण आणि वाचा-भाषा विकारांवरची पदवी. तिच्या इंटर्नशिपचे शेवटचे दोन-तीन महिने उरले की व्हॉट्सअॅप ग्रुपवर कॉलेजांच्या याद्या फिरायला लागतात. कुठले ‘टॉप’, कुठे ‘शंभर टक्के प्लेसमेंट’, कुठले हॉस्टेल बरे. अशा यादीवरून अर्ज करणारे पुष्कळ, आणि नंतर दोन वर्षे कुरकुरत काढणारेही त्यांच्यातलेच. स्पीचचे मास्टर्स शिकायचे ते ओपीडीत. तुमच्यासमोर कोणते पेशंट येतात, ते कोणत्या भाषेत बोलतात आणि शेजारी बसून चूक दाखवणारे माणूस आहे की नाही, यावर सगळे ठरते. कॉलेज आधी या कसोटीवर घासून घ्या. फी, अंतर आणि नाव त्यानंतर.

पुढचे बरेचसे रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या विद्यार्थ्यांना धरून लिहिले आहे. परदेशाचा विचार असणाऱ्यांसाठी शेवटाकडे वेगळा भाग आहे.

पायरी १: पोर्टल उघडण्याआधी

पहिला प्रश्न, स्पीच (बोलणे, भाषा, गिळणे) की ऑडिऑलॉजी (ऐकणे)? पूर्वी दोन्हींचे मिळून एमएएसएलपी असे. आता एम.एस्सी. स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी आणि एम.एस्सी. ऑडिऑलॉजी अशा दोन वेगळ्या पदव्या आहेत, आणि एका संस्थेत दोन्ही असतीलच असे नाही. माहितीपुस्तिकेत नुसते ‘मास्टर्स’ दिसले म्हणून समाधान मानू नका, पदवीचे पूर्ण नाव वाचा.

इथे घरचे हमखास म्हणतात, ‘गावात श्रवणयंत्रांवर पैसा आहे, स्पीच घेऊन काय करशील?’ म्हणण्यात तथ्य आहे. थेरपीचे उत्पन्न तासावर चालते, यंत्राचे नगावर. पण बीएएसएलपीच्या पदवीवर होणारी नोंदणी दोन्ही कामांसाठी असते. एम.एस्सी. स्पीचमध्ये केली म्हणून ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणचाचणी, करण्याचा हक्क जात नाही. त्यामुळे चिपळूण-कणकवलीसारख्या गावात स्वतःचे क्लिनिक टाकायचे असेल तरी स्पीच निवडायला हरकत नाही.

दुसरा प्रश्न, दोन वर्षांनी काम कुठे करायचे? परत कोकणात येणाऱ्याला जिल्हा रुग्णालयातले शीघ्र हस्तक्षेप केंद्र, म्हणजे डीईआयसी, विशेष शाळा, खासगी रुग्णालय किंवा स्वतःचे क्लिनिक हे रस्ते आहेत. अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोसला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत, तिथे ईएनटी विभाग आहेत. अशा ठिकाणी एकच माणूस उशिरा बोलणारे मूल, स्वमग्न मूल, अर्धांगवायूनंतर वाचा गेलेले आजोबा आणि घसा बसलेली शिक्षिका अशा सगळ्यांना पाहतो. त्याला केसेसची विविधता हवी. शिकवण्याकडे किंवा पीएच.डी.कडे जाणाऱ्याला चांगला गाईड आणि प्रयोगशाळा हवी. या दोघांची यादी सारखी असायचे कारण नाही.

तिसरी गोष्ट पात्रतेची. मानसशास्त्र, भाषाशास्त्र, डी.एड. किंवा नर्सिंग झालेले बरेच जण विचारतात की थेट एम.एस्सी. स्पीच करता येईल का. भारतात नाही. बीएएसएलपी किंवा तिच्या तोडीची बी.एस्सी. स्पीच अँड हिअरिंग लागते. श्रवण, भाषा आणि वाचेचा एक वर्षाचा डीएचएलएस डिप्लोमा मान्यताप्राप्त आहे, पण तो सहाय्यकाच्या पातळीचा. त्यावरून मास्टर्सला उडी मारता येत नाही. ‘सहा महिन्यांत स्पीच थेरपिस्ट’ असल्या जाहिरातींकडे तर फिरकूच नका.

पायरी २: मान्यता तपासा

हे अर्ध्या तासाचे काम आहे आणि तेच सगळ्यात जास्त टाळले जाते. भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, १९९२च्या कायद्याने आली. तिच्या केंद्रीय नोंदवहीत नाव नसताना प्रॅक्टिस करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नोंदणी होते ती फक्त मान्य संस्थेतल्या मान्य अभ्यासक्रमाची. म्हणून परिषदेच्या संकेतस्थळावर राज्यवार संस्थांची यादी उघडा आणि चार गोष्टी पाहा.

संस्थेचे नाव आणि पत्ता जुळतो का? एकाच ट्रस्टची दोन शहरांत कॉलेजे असतात आणि मान्यता एकालाच असते.

अभ्यासक्रम कोणता? बीएएसएलपीची मान्यता म्हणजे एम.एस्सी.ची मान्यता नव्हे.

कोणत्या शैक्षणिक वर्षापर्यंत? मान्यता ठरावीक मुदतीची असते. मुदत याच वर्षी संपत असेल तर कार्यालयात फोन करून ‘नूतनीकरणाचे पत्र आले आहे का’ असे सरळ विचारा. ‘प्रोसेसमध्ये आहे’ हे उत्तर म्हणजे अजून आलेले नाही. असे कॉलेज यादीत शेवटी टाका. पैसे मात्र पत्र आल्याशिवाय भरू नका.

जागा किती? एम.एस्सी.च्या जागा मुळातच मोजक्या. त्यात संस्थेचा कोटा, राज्याचा कोटा, व्यवस्थापनाचा कोटा असे तुकडे पडले की तुमच्या प्रवर्गाला दोन-तीनच उरतात. एकूण आकडा पाहून हुरळून जाऊ नका, तुमच्या वाट्याला किती ते काढा.

पायरी ३: नकाशा मांडा

कोकणातल्या मुलाला मुंबई हाच एक रस्ता दिसतो, त्यामुळे नकाशा एकदा नीट पसरून बघावा.

मुंबईत दोन जुनी ठिकाणे आहेत. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. १९८३ साली स्थापन झालेली ही केंद्र सरकारची संस्था. दिव्यांगांना साधने पुरवणाऱ्या केंद्राच्या एडीआयपी योजनेतल्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी (आतल्या कानात शस्त्रक्रियेने बसवायचे श्रवण-उपकरण) हीच नोडल संस्था असल्याने इम्प्लांटनंतर ऐकायला-बोलायला शिकवण्याचे काम ज्यांना करायचे त्यांनी तिचा विचार करावा. दुसरे, मुंबई सेंट्रलचे नायर रुग्णालय आणि टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय. ते महापालिकेचे. तिथे विभाग रुग्णालयातच असल्याने वॉर्डातले पेशंट, पक्षाघात, गिळण्याचा त्रास, हे सगळे दारातच. पुण्याला भारती विद्यापीठाचे कॉलेज आहे. ते अभिमत विद्यापीठ, म्हणजे फीचे गणित वेगळे.

आता दक्षिणेकडे वळा. कुडाळ-सावंतवाडीहून रेल्वेने मुंबई आणि मंगळूर साधारण सारख्याच अंतरावर आहेत, उडुपी तर अजून अलीकडे. मत्स्यगंधा एक्स्प्रेस याच रुळावरून उडुपी-मंगळूरला जाते. उडुपीला उतरून थोड्याच अंतरावर मणिपाल, तिथे मणिपाल कॉलेज ऑफ हेल्थ प्रोफेशन्स. मंगळुरात कस्तुरबा वैद्यकीय महाविद्यालयाचा विभाग आहे, फादर मुल्लर कॉलेज ऑफ स्पीच अँड हिअरिंग आहे. एवढ्या थोड्या अंतरात या विषयाची इतकी शिक्षणकेंद्रे असताना सिंधुदुर्गातली मुले तिकडे बघतही नाहीत, याचे नवल वाटते.

आणखी आत म्हैसूर. तिथली अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था, सगळे जिला ‘आयश’ म्हणतात, १९६५ची. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाखालची ही संस्था केवळ याच विषयाला वाहिलेली आहे. अडखळणे, आवाज, गिळणे, वाचाघात (मेंदूला इजा होऊन भाषा हरवणे) अशा एकेका विषयाची स्वतंत्र युनिट्स आहेत. फी सरकारी. प्रवेश देशपातळीवरच्या त्यांच्या स्वतःच्या परीक्षेतून, त्यामुळे चुरस मोठी. संशोधनाकडे कल असेल तर हा अर्ज चुकवू नये.

प्रवेशाच्या वाटा वेगवेगळ्या आहेत हे इथेच लिहून ठेवा. महाराष्ट्रातल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या जागांसाठी राज्य सीईटी कक्ष फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या पदव्युत्तर सीईटीबरोबर आपलीही सीईटी घेतो. अभिमत विद्यापीठांची प्रक्रिया आपापली. केंद्रीय संस्थांची जाहिरात त्यांच्या संकेतस्थळावर येते, बरेचदा अवघ्या दोन-तीन आठवड्यांच्या मुदतीची. ‘सीईटी दिली म्हणजे सगळीकडे चालते’ या समजुतीत बसलेल्यांचे वर्ष जाते.

पायरी ४: क्लिनिक वाचायला शिका

यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. माहितीपुस्तिकेतल्या इमारतीच्या फोटोवरून क्लिनिकचे काहीही कळत नाही. दुसऱ्या वर्षाला असलेल्या दोघा विद्यार्थ्यांशी बोला, वेगवेगळे बोला, आणि प्रश्न मोघम विचारू नका. ‘एक्स्पोजर कसे आहे?’ याला ‘छान आहे’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी असे विचारा:

‘गेल्या महिन्यात तुझ्या स्वतःच्या नावावर किती पेशंट होते आणि त्यातले प्रौढ किती?’ बऱ्याच कॉलेजांच्या ओपीडीत मुलेच मुले असतात, उशिरा बोलणारी आणि स्वमग्न. ते काम महत्त्वाचे आहेच, पण दोन वर्षांत वाचाघाताचा एकही पेशंट सलग दोन-तीन महिने हाताळला नसेल तर पदवी अर्धी राहते.

‘गिळण्याच्या तपासणीत तू काय करतोस?’ पक्षाघाताच्या पेशंटच्या श्वासनलिकेत पाणी उतरते आणि खोकलाही येत नाही, असे घडते. खाटेशेजारी बसून ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी बेरियम मिसळलेले अन्न देऊन क्ष-किरणांखाली बघायची व्हिडिओफ्लुरोस्कोपी किंवा नाकातून दुर्बीण घालून करायची फीस तपासणी लागते. यंत्र रुग्णालयात असणे वेगळे आणि विद्यार्थ्याने त्या खोलीत उभे राहून घास कोणत्या घट्टपणाचा द्यायचा ते ठरवणे वेगळे. ‘रेडिऑलॉजीवाले करतात, आम्ही रिपोर्ट वाचतो’ असे उत्तर आले तर त्या कॉलेजचे गुण कापा.

‘सुपरव्हायझर सेशनमध्ये किती वेळ बसतात?’ आरशाच्या काचेमागून किंवा खोलीत बसून कोणी बघते का, सेशननंतर पाच मिनिटे बोलते का, लेसन प्लॅन आधी तपासला जातो का. काही ठिकाणी लॉगबुकावर महिन्याच्या शेवटी एकगठ्ठा सह्या होतात. हे मुले सहज सांगून जातात, तेवढे कान उघडे ठेवा.

‘पोस्टिंग बाहेर कुठे आणि किती दिवस?’ कॅन्सर रुग्णालय, न्यूरॉलॉजी वॉर्ड, नवजात बालकांचा अतिदक्षता विभाग (एनआयसीयू), विशेष शाळा ही चार नावे यायला हवीत. कोकणात मिश्री आणि तंबाखूचे प्रमाण पाहता तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेला, जिभेचा भाग गेलेला पेशंट तुमच्याकडे हमखास येणार. त्याला बोलायला आणि गिळायला कसे शिकवायचे, हे आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या क्लिनिकमध्ये ठरवायची वेळ येऊ नये.

‘फाटलेल्या टाळूची मुले किती येतात?’ हा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही. नाकातून बोलणे ऐकून ओळखता येते, पण ते टाळूतल्या फटीमुळे की सवयीमुळे, हे ओळखणारा कान अशी बरीच मुले ऐकल्यावर तयार होतो. फट असेल तर शस्त्रक्रियेसाठी परत पाठवायचे, सवय असेल तर थेरपी. निदान चुकले की मूल दोन वर्षे फुंकायचे व्यायाम करत बसते आणि फरक शून्य.

जमले तर एकदा स्वतः जाऊन या, आणि जाल तर सोमवारी किंवा मंगळवारी, कारण त्या दिवशी ओपीडीत गर्दी असते. बाहेरच्या बाकावर तासभर बसा. किती खोल्यांची दारे बंद आहेत, म्हणजे आत सेशन चालू आहे, ते मोजा. पालकांना आत घेतात की बाहेर ठेवतात ते बघा. पालकांना घरी काय करायचे हे शिकवणारे क्लिनिक कोकणासाठी खरे उपयोगाचे, कारण दापोली-मंडणगडच्या आतल्या वाडीतली आई आठवड्यातून तीनदा एसटीने येऊ शकत नाही. ती पंधरा दिवसांतून एकदा येणार आणि उरलेली थेरपी घरी तीच करणार.

पायरी ५: पेशंटची भाषा

शिक्षण इंग्रजीत, पेशंट मात्र आपल्या भाषेत बोलणार. मंगळूर-मणिपालला कन्नड, तुळू, कोकणी, मल्याळम. म्हैसूरला मुख्यतः कन्नड. मुंबईत मराठी, हिंदी, गुजराती. मालवणी बोलणाऱ्याला किनाऱ्यावरची कोकणी कळायला फार दिवस लागत नाहीत, कन्नडला मात्र सहा महिने धरा. पहिले सेमिस्टर दुभाष्याच्या मदतीने जाते आणि वाचाघाताच्या पेशंटची नेमकी चूक दुभाष्याच्या तोंडून कळत नाही. म्हणून कर्नाटकात जायचे ठरले तर प्रवेशाआधीच्या दोन महिन्यांत रोजचे कन्नड शिकून घ्या: ‘हे काय आहे’, ‘परत सांगा’, ‘गिळा’, ‘तोंड उघडा’, आकडे, नाती, भाज्यांची नावे.

दुसऱ्या बाजूने बघितले तर मराठी चाचणी-साहित्य कुठे वापरले जाते हेही विचारायला हवे. उच्चार तपासताना अलिबागकडचे आगरी घरातले मूल ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘काळा’ला ‘काला’ म्हणते. तो त्याच्या घरच्या बोलीचा उच्चार आहे, त्याला दोष म्हणून नोंदवून थेरपी सुरू करणे चूक. पण त्याच मुलाने ‘काका’ला ‘ताता’ म्हटले आणि वय चार वर्षांच्या पुढे असेल, तर मात्र काम आहे. बोली आणि दोष यांतला हा फरक रोज सांगणारा सुपरव्हायझर मराठी क्लिनिकमध्ये मिळण्याची शक्यता जास्त. कोकणातच परत यायचे पक्के असेल तर या मुद्द्यावर मुंबई-पुण्याला झुकते माप द्यावे, असे आमचे मत. ते पक्के नसेल तर मंगळूर-म्हैसूरला दुसऱ्या भाषेत काम करण्याची जी सवय लागते, ती आयुष्यभर पुरते.

पायरी ६: पैशाचा हिशेब

फक्त ट्यूशन फीची तुलना करू नका. एका कागदावर दोन्ही वर्षांची ट्यूशन, विद्यापीठ आणि परीक्षा शुल्क, परत मिळणारी अनामत, हॉस्टेल आणि मेसचे २४ महिने, घरी येण्या-जाण्याचा खर्च आणि डिझर्टेशनचा खर्च लिहा. दुसऱ्या वर्षी फी वाढते का, हे अभिमत विद्यापीठांना लेखी विचारा. सरकारी कॉलेजची फी कमी असते, पण मुंबईत हॉस्टेल मिळाले नाही तर खोलीचे भाडे ती बचत खाऊन टाकते. हॉस्टेल पदव्युत्तरला नक्की मिळते की ‘उपलब्धतेनुसार’, ते आधी विचारून घ्या.

विद्यावेतनाची चौकशी करा. काही सरकारी संस्था पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दरमहा ते देतात. महाडीबीटीवरच्या बऱ्याच योजना राज्यातल्या संस्थांपुरत्याच असतात, त्यामुळे कर्नाटकात जाताना शिष्यवृत्ती गृहीत धरून बजेट करू नका.

शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत केंद्राच्या हमी योजनेखाली तारणाशिवाय मिळू शकते. त्यापुढे तारण आले की कोकणात घोडे अडते. घरची जमीन भरपूर, पण सातबारा सामाईक, त्यावर चुलते, आत्या, मुंबईचे भाऊबंद मिळून वीस नावे. शिवाय शेतजमीन तारण म्हणून घ्यायला बँका सहसा तयार नसतात. गावठाणातले घर असेल तर त्याची कागदपत्रे कोणाच्या नावावर आहेत ते फेब्रुवारीतच बघून घ्या. वारसनोंद करायची राहिली असेल तर ती जुलैमध्ये प्रवेशाच्या आठवड्यात होत नाही.

पायरी ७: कागदपत्रे

इंटर्नशिप पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र कोणत्या तारखेपर्यंत लागते, हा पहिला प्रश्न. कुणाची बॅच उशिरा सुरू झाली असेल, कुणाच्या रजा भरून काढायच्या राहिल्या असतील. दहा दिवसांच्या फरकाने पात्रता जाऊ शकते, म्हणून इंटर्नशिपमधल्या रजा जपून वापरा. किमान टक्केवारीची अट बऱ्याच ठिकाणी ५५च्या आसपास असते. ती शेवटच्या वर्षाची की सर्व वर्षांची सरासरी, हे नियमावलीत वाचा.

प्रवर्गाच्या दाखल्यांत सगळ्यात जास्त गोंधळ होतो. वांद्र्याची आणि म्हैसूरची संस्था केंद्र सरकारची. तिथे इतर मागास वर्गाचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्याच्या नमुन्यातले नॉन-क्रीमी लेयर तिथे चालत नाही. एसईबीसी हे आरक्षण राज्याचे आहे, केंद्रीय संस्थेत त्याचा उपयोग नाही. अशा उमेदवाराला उत्पन्न-मालमत्तेच्या अटी बसत असतील तर केंद्राच्या नमुन्यातला ईडब्ल्यूएस दाखला काढता येतो. तहसील कार्यालयात अर्ज देताना ‘केंद्रासाठी’ असे स्पष्ट सांगा, नाहीतर हातात राज्याचाच दाखला पडतो. जातपडताळणीला महिने लागतात, ते काम तिसऱ्या वर्षालाच सुरू करावे.

दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांनी मायग्रेशन प्रमाणपत्र आणि सर्व वर्षांच्या गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती वेगळ्या काढून ठेवाव्यात. बीएएसएलपीच्या नोंदणीचा अर्जही पदवी हाती येताच आरसीआयकडे करून टाका.

पायरी ८: किती अर्ज, कोणत्या क्रमाने

चार ते सहा पुरेत. त्याहून जास्त केले तर परीक्षाशुल्क आणि प्रवास यातच दमछाक होते. मान्यता नसलेली, प्रौढ पेशंट नसलेली आणि कर्जाच्या आवाक्याबाहेरची ठिकाणे आधीच बाद करा. उरलेल्यांत एक-दोन चुरशीची, दोन जिथे तुमच्या गुणांना खरी शक्यता आहे अशी, आणि एक जिथे प्रवेश जवळजवळ नक्की आहे आणि मिळाला तर तुम्ही खरेच जाल असे. हे शेवटचे फार जण चुकवतात. जायचेच नाही अशा ठिकाणी ‘सेफ’ म्हणून अर्ज करणे म्हणजे शुल्क वाया.

परीक्षा आणि समुपदेशनाच्या फेऱ्या ऐन पावसाळ्यात येतात. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक जूनपासून ऑक्टोबरपर्यंत असते, गाड्या हळू धावतात, दरड कोसळली की तास-तास खोळंबतात. घाटात रस्ता बंद होणे काही नवे नाही. प्रत्यक्ष हजेरी असेल तर एक दिवस आधी पोचा. ऑनलाइन पसंतिक्रम भरायचा असेल तर शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. वीज आणि नेटवर्क दोन्ही एकदम जातात, तालुक्याच्या सायबर कॅफेत त्याच दिवशी पन्नास जण उभे असतात.

परदेशाचा विचार असेल तर

अमेरिकेत मास्टर्स कार्यक्रम सीएए या मंडळाची मान्यता असलेलाच हवा. त्याशिवाय तिथल्या वाचा-श्रवण तज्ज्ञांच्या आशा संस्थेचे प्रमाणपत्र, ज्याला सीसीसी-एसएलपी म्हणतात, मिळवणे अवघड होते आणि राज्याच्या परवान्याची वाटही अडते. या प्रमाणपत्रासाठी ४०० तासांचा क्लिनिकल अनुभव लागतो, त्यातले २५ तास निरीक्षणाचे. किमान ३२५ तास पदव्युत्तर पातळीवरचे असावे लागतात, म्हणून बीएएसएलपीतल्या शेकडो तासांवर फार भिस्त ठेवू नका. अर्ज बहुतेक ठिकाणी सीएसडीकॅस या एकाच पोर्टलवरून होतात. त्यासाठी भारतीय गुणपत्रिकांचे विषयवार मूल्यमापन करून घ्यावे लागते. आपल्या विद्यापीठाकडून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट मिळायलाच दोन महिने जाऊ शकतात, हे धरून ऑगस्टमध्ये कामाला लागा. जीवशास्त्र, रसायन किंवा भौतिक, संख्याशास्त्र आणि सामाजिक शास्त्र हे विषय गुणपत्रिकेत स्पष्ट नावाने दिसतात का, ते बघा. ‘अलाइड सब्जेक्ट्स’ अशा गोळाबेरीज नावाखाली ते दडलेले असतील तर कॉलेजकडून अभ्यासक्रमाची प्रत शिक्क्यासह घ्या. ऑनलाइन कार्यक्रम स्वस्त वाटतात, पण पूर्ण ऑनलाइन शिक्षणावर विद्यार्थी व्हिसा मिळत नाही.

ब्रिटनमध्ये सापळा वेगळा आहे. तिथल्या विद्यापीठांत या विषयाच्या दोन तऱ्हेच्या एम.एस्सी. आहेत. एक एचसीपीसी या आरोग्य व्यावसायिकांची नोंदणी करणाऱ्या परिषदेची मान्यता असलेली, नोंदणीपूर्व. दुसरी वर्षभराची, सखोल अभ्यासाची, पण नोंदणी न देणारी. दुसरी करून परत येणारे आहेत आणि तिचा उपयोग संशोधनापुरताच. बीएएसएलपी झालेल्याला थेट एचसीपीसीकडे आंतरराष्ट्रीय मार्गाने अर्ज करण्याचाही पर्याय असतो. तिथे आयईएलटीएसमध्ये एकूण ८ आणि कोणत्याही विभागात ७.५ पेक्षा कमी नाही, अशी अट आहे. वाचा-भाषेच्या व्यवसायासाठी ती इतर आरोग्य व्यवसायांपेक्षा कडक ठेवलेली आहे.

अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, आयर्लंड आणि न्यूझीलंड यांच्या व्यावसायिक संघटनांत परस्पर मान्यतेचा करार आहे. भारत त्यात नाही. त्यामुळे भारतातली एम.एस्सी. घेऊन तिकडे जाताना प्रत्येक देशात कागदपत्रांची छाननी नव्याने होते. पुढे कधीतरी जायचे असा विचार असेल तर आतापासून लॉगबुकात प्रत्येक केसचा विकार, वय, तास आणि सुपरव्हायझरची सही स्वतंत्र ओळीवर ठेवा. महिन्याची एकत्र बेरीज परदेशी छाननीत टिकत नाही.

जागा मिळाल्यावर

पहिल्या फेरीत मिळालेली जागा पक्की करण्याआधी तीन गोष्टी नियमावलीत शोधा: पुढच्या फेरीत चांगली जागा मिळाली तर ही आपोआप सुटते का, सोडली तर फी किती परत मिळते आणि कोणत्या तारखेनंतर काहीच मिळत नाही. मूळ कागदपत्रे एका कॉलेजने जमा करून घेतली की दुसऱ्या ठिकाणच्या समुपदेशनाला रिकाम्या हाताने जावे लागते. जमा करताना यादीसह पोच घ्या, सगळ्याचे रंगीत स्कॅन फोनमध्ये आणि ई-मेलमध्ये ठेवा, आणि दुसऱ्या संस्थेला विचारा की मूळ प्रती अमुक कॉलेजात असल्याच्या पत्रावर ते तात्पुरता प्रवेश देतात का. बरीच कॉलेजे असे पत्र देतात, पण मागितल्याशिवाय नाही.